सेल काढायचा राहिला

सकाळी साडेसातला संकलनाच्या खोलीत बसून टाचणीताई पायलटची शेवटची प्रत बघत होत्या. एकोणिसाव्या मिनिटाला त्या खुर्चीत पुढे सरकल्या. पडद्यावर दोन बहिणी भांडत होत्या. मागच्या भिंतीवर घड्याळ होतं. थोरली बोलली तेव्हा त्यात चार वीस झाले होते, धाकटीने उत्तर दिलं तेव्हा पाच चाळीस. थोरली पुन्हा बोलली तेव्हा चार पस्तीस.

"थांबव," टाचणीताई म्हणाल्या.

संकलन करणाऱ्या मुलीने बटण दाबलं. "काय झालं? अहो, दहादा बघितलाय मी हा सीन."

"तू चेहरे बघितलेस. आता घड्याळ बघ."

मुलीने मागे घेऊन बघितलं. मग पुन्हा बघितलं. "अगं बाई," एवढंच म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून बसली.

साडेअकराला हा भाग चॅनेलच्या कचेरीत नेऊन दाखवायचा होता. चॅनेलकडे रात्री आठची एकच वेळ रिकामी झाली होती, आणि तिच्यासाठी तीन निर्मात्यांनी नमुन्याचा एकेक भाग, म्हणजे पायलट, करून दिला होता. तिघांतला एक निवडायचा. तो दोन वर्षं तरी चालणार. बाकीचे दोन कपाटात जाणार आणि त्यांच्यावर राबलेली माणसं घरी. आज निर्णय होता. दादा, म्हणजे या पायलटचा निर्माता आणि दिग्दर्शक, आठवडाभर धड जेवला नव्हता. त्याने टाचणीताईंना शब्द दिला होता, "मालिका मिळाली की पहिलं नाव तुमचं."

तो शब्द टाचणीताईंना हवाच होता. वय बावन्न. काम असं, की नीट झालं तर कोणाला दिसत नाही. एकच प्रसंग तुकड्यातुकड्यांनी दोन-तीन दिवस चित्रित होतो. पहिल्या तुकड्यात पेला डाव्या हातात असेल तर तिसऱ्यातही डाव्याच हातात हवा, पदर तसाच हवा, भांड्यातलं पाणी तेवढंच हवं. हे सगळं टिपून ठेवणारी बाई म्हणजे टाचणीताई. ब्लाउजच्या काठाला दहा-बारा टाचण्या खोचलेल्या, म्हणून हे नाव. नटाची बाही कालच्यापेक्षा बोटभर खाली आली की त्या पुढे होऊन टाचणी लावायच्या, आणि ती हमखास टोचायची. आता त्यांच्या जागी पंचविशीतली मुलं येत होती. फोटो काढायची, यंत्रात घालायची, यंत्रच त्यांना फरक सांगायचं. गेल्या आठ महिन्यांत टाचणीताईंना कोणी बोलावलं नव्हतं. हा एक पायलट तेवढा मिळाला होता.

घरीही त्या तशाच. साखरेचा डबा दुसऱ्या फळीवर ठेवला की दारातूनच विचारायच्या, "कोणी हलवला?" नवरा म्हणायचा, "या घरात चमचा हलवायचा तर अर्ज करावा लागतो." सासूबाई होत्या तेव्हा त्यांनी सगळ्या नातेवाइकांत सांगून ठेवलं होतं, की सुनेच्या डोळ्यांना पापण्या नाहीत.

आणि आता हे असं.

"सेल," त्या म्हणाल्या. "सेल काढायचा राहिला माझ्याकडून."

सेटवरच्या घड्याळात कधीच सेल नसतो. काटे हाताने लावायचे आणि प्रसंग संपेपर्यंत तिथेच ठेवायचे. या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते हे. पण भांडणाचा सीन चित्रित झाला त्या दिवशी मावशींना दोनची गोळी घ्यायची होती. मावशी म्हणजे पायलटमधली आई. चौऱ्याहत्तर वर्षांची नटी, नाटकात उभी हयात गेलेली. मोबाईल सगळ्यांचे दारातल्या टोपलीत ठेवून घेतलेले, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत मावशी सेटवरच्याच सोफ्यावर आडव्या होऊन दर पाच मिनिटांनी ओरडत होत्या, "वाजले किती गं?" शेवटी टाचणीताईंनी समोरच्या घड्याळात सेल घातला, वेळ लावली आणि म्हटलं, "बघा आता तुमचं तुम्ही, माझा जीव खाऊ नका." गोळी वेळेवर गेली. सुट्टी संपली तेव्हा त्यांनी काटे फिरवून चार वीसवर आणले. सेल आतच राहिला. पुढचे अडीच तास त्यांचं लक्ष मावशींच्या पुढ्यातल्या कपड्यांवर होतं. कोणत्या वाक्याला किती कपड्यांच्या घड्या झाल्या होत्या, हे चुकलं असतं तर सगळाच सीन गेला असता. त्यात एकही चूक नव्हती. वर भिंतीवर घड्याळ आपलं चालत होतं.

आता कोणाला सांगितलं नाही तर? दहादा बघून या मुलीला दिसलं नाही, दादाला दिसलं नाही. पण निवड करणाऱ्या चॅनेलच्या मॅडमना दिसलं तर? मागच्या वर्षी एका पायलटमध्ये नायिकेचं कानातलं अर्ध्या प्रसंगात बदललं होतं. मॅडमनी तिथेच दिवे लावायला सांगितले आणि उठून गेल्या, असं सगळे सांगत.

टाचणीताईंनी दादाला फोन लावला.

तो वीस मिनिटांत आला. ऐकून घेतलं. ओरडला नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली. "तुमच्याकडून?" असं एकदाच म्हणाला. मग मुलीकडे वळला. "काय करता येईल?"

"घड्याळ पुसून दुसरं बसवायचं तर दोन दिवस लागतील. आत्ता एकच होईल. सात शॉट्समध्ये घड्याळ दिसतं, ते सातही मोठे करायचे. बहिणींचे फक्त चेहरे ठेवायचे. घड्याळ चौकटीबाहेर."

"कर."

"पण दादा, घड्याळाखाली मावशी बसल्यात. त्याही जातील."

"जाऊ देत. बोलतात कुठे त्या?"

दहा वाजेपर्यंत काम झालं. दोघी बहिणींचे चेहरे पडदाभर आले. भांडण होतं आईला कोणी सांभाळायचं याचं, आणि ते आता अंगावर येत होतं. प्रसंगाच्या सुरुवातीला मावशी एकदा दिसायच्या, शेवटी एकदा. मधे नाहीत. मुलीने नवी प्रत केली, टाचणीताईंनी तिच्यावर चिठ्ठी लावली, आणि सवयीने जुनीही त्याच डबीत ठेवली.

"तुम्ही चला माझ्याबरोबर," दादा म्हणाला. "कुठला सीन कितव्या मिनिटाला, ते मॅडम विचारतात. तेवढं सांगा. बाकी तोंडातून ब्र काढायचा नाही."

चॅनेलची खोली लहान होती, थंड होती. मॅडम पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, पायातल्या चपला काढून बसलेल्या. भाग सुरू झाला. चव्वेचाळीस मिनिटांत त्या एकदाही हसल्या नाहीत, की पुढे झुकल्या नाहीत. एकोणिसाव्या मिनिटाला टाचणीताईंनी श्वास धरला आणि सत्ताविसाव्याला सोडला. शेजारी दादाचा पाय सारखा हलत होता.

दिवे लागले.

"भांडण छान झालंय," मॅडम म्हणाल्या. "इतक्या जवळ जायचं धाडस कोणी करत नाही हल्ली."

दादाचा पाय थांबला.

"बाकी दोन मी काल बघितले. तुमच्यात दम आहे. फक्त एक. ती म्हातारी आई. बोलत नाही, काही करत नाही, दोनदा नुसती दिसते. तिला काढा. आई दुसऱ्या गावी असते, फोनवर तिचा विषय निघतो, एवढं पुरे. एक पात्र कमी, तेवढी कथा पळेल."

"अगदी बरोबर," दादा म्हणाला. "आम्हालाही तेच वाटत होतं."

टाचणीताईंना असं काही वाटल्याचं आठवेना. त्यांना आठवत होत्या मावशी, दुपारभर पाठीत उशी न घेता बसलेल्या. पाठ दुखते का विचारलं तर म्हणाल्या होत्या, "दुखू दे गं. या वयात कोणी बोलावतंय हेच खूप. दोन वर्षं चालली तर जाताना कामावरून गेले असं तरी म्हणतील." आणि टाचणीताईंना हेही कळत होतं, की आत्ता गप्प बसलं तर मालिका मिळाली आणि आपलंही नाव लागलं. फक्त गप्प बसायचं होतं. त्यात काही कठीण नव्हतं.

"त्या दोनदा नाहीत दिसत," त्या म्हणाल्या.

दादाने मान वळवली.

"म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"पूर्ण भांडणभर त्या तिथेच बसलेल्या आहेत. ज्यांच्यावरून भांडण चाललंय त्या समोर बसून कपड्यांच्या घड्या घालतायत. आज सकाळी आम्ही त्यांना चौकटीबाहेर काढलं. माझी चूक झाकायला."

"टाचणीताई," दादा हळूच म्हणाला. आवाज हळू, पण डोळे तसे नव्हते.

"कसली चूक?"

"भिंतीवरचं घड्याळ चालू राहिलं माझ्याकडून. सात शॉट्समध्ये वेळ चुकलीय."

मॅडम दादाकडे बघत होत्या, टाचणीताईंकडे नाही. "जुनी प्रत आहे?"

"घरी राहिली," दादा म्हणाला.

टाचणीताईंना डबी दिसत होती. दादाच्याच मांडीवर होती. त्यांना काही बोलावं लागलं नाही. मॅडमनी त्यांच्या नजरेमागोमाग डबीकडे बघून हात पुढे केला, आणि दादाला ती द्यावी लागली.

या वेळी मॅडमनी फक्त भांडणाची आठ मिनिटं लावायला सांगितली. पडद्यावर बहिणी एकमेकींची उणीदुणी काढत होत्या, घड्याळाचे काटे वेड्यासारखे पुढेमागे उड्या मारत होते, आणि त्याखाली मावशी मान खाली घालून घड्या घालत होत्या. थोरली म्हणाली, "माझ्याकडे जागा कुठे आहे?" मावशींनी टॉवेलची घडी घातली. धाकटी म्हणाली, "मग काय मीच जन्मभर?" मावशींनी घडी मोडली आणि पुन्हा घातली.

मॅडमनी थांबवायला सांगितलं. "हा टॉवेल तिसऱ्यांदा आला. हीपण चूक?"

"नाही. तो त्या मुद्दाम तीनदा घडी करतात. मी विचारलं होतं. म्हणाल्या, कपडे संपले तर उठून जावं लागेल, आणि जायचं कुठे?"

मॅडम उठल्या. चपला पायात सरकवल्या. "संध्याकाळी कळवते," म्हणाल्या आणि गेल्या.

परतताना गाडीत दादा पुढे बसला. सगळ्या रस्त्यात एक शब्द नाही. कचेरीत आल्यावर त्याने आपलं दार लावून घेतलं. बाहेर सात-आठ माणसं चहाचे कप हातात धरून बसली होती. प्रकाशयोजनेवाला, कपडेपटातली बाई, धाकट्या बहिणीचं काम करणारी नटी. प्रत्येकाने विचारलं, "काय म्हणाल्या?" टाचणीताई प्रत्येकाला म्हणाल्या, "संध्याकाळी कळवणारेत." या माणसांचं काम आपण बुडवलं की काय, हा विचार त्या करत होत्या, आणि तो संपत नव्हता. एकट्या मावशींची बाजू घेतली, पण ही सगळी कोणाची माणसं होती?

चारला मावशींचा फोन आला. "लागला का गं निकाल?"

"नाही अजून."

"तुझा आवाज का असा?"

"सकाळपासून चहाच पितेय."

"मग जेव काहीतरी. मालिका येईल, जाईल, पित्त इथेच राहतं."

साडेपाचला दादाचं दार उघडलं. तो सगळ्यांकडे बघून म्हणाला, "मिळाली." कपडेपटातली बाई रडायलाच लागली. कोणीतरी कोणालातरी मिठी मारली. दादाने गर्दीतून टाचणीताईंना आत बोलावलं आणि बसा म्हटलं नाही.

"मावशी राहतायत. मॅडमनी तशी अटच घातलीय. तो सीन पुन्हा चित्रित करायचा, त्यांच्यासकट. मोठे केलेले चेहरे नकोत."

"बरं झालं."

"बरं झालं," दादा म्हणाला. "खरंच झालं. पण टाचणीताई, मी तुम्हाला ठेवू शकत नाही."

टाचणीताईंनी पिशवीतून नोंदींची वही काढली.

"घड्याळामुळे नाही. चुका होतात. मी मॅडमसमोर 'हो' म्हटलं आणि तुम्ही मला खोटं पाडलंत. आज जमून गेलं. उद्या नाही जमलं तर चाळीस माणसं घरी बसतील. चॅनेलच्या खोलीत माझ्याविरुद्ध बोलणारं माणूस मला परवडत नाही."

टाचणीताईंना राग यायला हवा होता. आला नाही, कारण दिवसभर त्याच चाळीस माणसांचा विचार त्यांनीही केला होता. "पहिल्या भागाच्या नोंदी देऊन जाते," त्या म्हणाल्या. "थोरलीच्या उजव्या मनगटावर भाजल्याची पट्टी आहे. नवीन मुलगा येईल तो डाव्यावर बांधेल."

"द्या," दादा म्हणाला. मग खाली बघत, "थँक्यू."

त्या तासभर बसून लिहीत राहिल्या. तेवढ्यात मावशींचा पुन्हा फोन. त्यांना कळलं होतं. "दोन वर्षं गं! रोज पहाटे पाचला उठवणार मेले. तू आहेस ना पण? तुझ्या टाचण्या टोचल्याशिवाय मला काम केल्यासारखं वाटणार नाही."

"मी या वेळी नाही, मावशी."

"का?"

"दुसरीकडे बोलावलंय."

मावशींना ते पटलं नाही. साठ वर्षं संवाद ऐकण्यात गेली होती. "कुठे?" त्यांनी विचारलं.

टाचणीताईंनी वहीचं पान उलटलं.

"ठेव फोन," मावशी म्हणाल्या. "उद्या घरी ये माझ्या. तोंड बघून विचारीन."

घरी आल्या तेव्हा नवरा कांदा चिरत होता. त्याने तोंडाकडे बघितलं आणि सुरी खाली ठेवली. "नाही मिळाली?"

"मालिका मिळाली. मला नाही."

त्याने सुरी पुन्हा उचलली. पुढे विचारायचं नाही, एवढं एकतीस वर्षांच्या संसारात तो शिकला होता. राहिलेला कांदा चिरला. मग म्हणाला, "मग आता आठ वाजता आपण दुसरं काहीतरी लावत जाऊ."

"दुसरं का? तीच लावायची."

"कशाला जिवाला त्रास?"

"चुका काढायला," टाचणीताई म्हणाल्या.

"आणि सापडल्या तर?"

त्यांनी ब्लाउजच्या काठाच्या टाचण्या एकेक काढून ताटलीत ठेवायला सुरुवात केली. "तर दादाला फोन करीन," त्या म्हणाल्या. "चिडेल. पण उचलेल."