बावन्न नथ्थूंची एक पत्रिका

धुरपदाबाई धुळ्याच्या कुटुंब नियोजन केंद्रातली नर्स. आवाज असा, की पाचकंदील चौकात बोलली तर स्टेशनात ऐकू यावं. बहात्तर साली प्रिन्सिपॉलसाहेबांच्या हात धुऊन मागे लागून तिनं कॉलेजच्या जिमखान्यामागची एक खोली मिळवली. दर बुधवारी दोन ते चार. निरोधची पाकिटं फुकट, सल्ला फुकट, शिव्याही फुकट.

साहेबांची अट एकच. फक्त लग्न झालेल्या विद्यार्थ्यांना प्रवेश, आणि पुरावा म्हणून लग्नपत्रिका हवी. एक जरी बिनलग्नाचा सापडला, तर खोलीला कुलूप!

आता खेड्यावरच्या पोरांची लग्नं लवकर होतात हे खरं, पण पत्रिका जपून कोण ठेवतो हो? अख्ख्या वसतिगृहात ती एकाच्याच ट्रंकेत निघाली. नथ्थू पाटील, बी.ए.चं दुसरं वर्ष, मुलखाचा लाजाळू. मग काय, ती गुलाबी पत्रिका हातोहात फिरू लागली आणि येणारा प्रत्येक जण नथ्थू! उंच नथ्थू, बुटका नथ्थू, ‘चष्म्याचा नंबर कशानं वाढतो’ असं घाम पुसत विचारणारा नथ्थू. बाई एकेकाला खालून वर न्याहाळायची, “या जावईबापू,” म्हणायची, वहीत सही घ्यायची आणि पाकीट हातात ठेवायची.

तिला कळत नव्हतं असं नाही. मागल्या साली कॉलेजातली एक पोरगी कुणा वैदूचा काढा पिऊन दवाखान्यात आली होती. वाचली, पण घरच्यांनी तिला पुन्हा कॉलेजात पाठवलं नाही. ते बाईच्या मनातून जात नव्हतं. त्यामुळे साहेबांची अट तिला कवडीमोल वाटायची. पण खोली जाईल या धास्तीनं दर बुधवारी ती प्रत्येकाकडे पत्रिका मागायचीच.

आणि व्हायचं तेच झालं. वसतिगृहातलं भडगावचं, म्हणजे नथ्थूच्या सासरगावचं, एक पोरगं सुट्टीत गावी गेलं आणि पारावर बरळलं, “आपले नथ्थूदाजी तर दर बुधवारी तिथंच असतात!”

पुढच्याच बुधवारी नथ्थूचे सासरे पुना आबा काठी आपटत दारात हजर. मागे त्यांची लेक कोकिळा, अजून सासरी न धाडलेली. टेबलापुढे त्या वेळी बसलेल्या तोतया नथ्थूनं पत्रिका तिथंच टाकून खिडकीतून उडी ठोकली. बाईनं पटकन पत्रिकेवर वही ठेवली.

“मनी पोर आजून मना घरमां शे,” आबा गरजले, “अन् हाऊ बाबा आठे पाकिटं लई राहिना! कोनासाठे? बठ्ठा गावमां बोभाटा शे. वही दखाडा, नहीतर मी सायबकडे जास. काडीमोडच करी टाकस!”

खरं सांगावं तर खोली गेली. गप्प बसावं तर नथ्थूचा संसार मोडला. 

आबांना अक्षरओळख नव्हती, म्हणून तर पोरीला आणलेलं. कोकिळा घरीच मॅट्रिकचा अभ्यास करत होती. बाईनं वही जागची न हलवता उघडली. कोकिळा वाचू लागली. नथ्थू पाटील. नथ्थू पाटील. पुन्हा नथ्थू पाटील. बिचारीचा चेहरा पार उतरला. मग तिचं बोट एका सहीवर थांबलं, दुसरीवर गेलं, आणि तिच्या कपाळावरची आठी सुटली. नवऱ्याची नऊ पत्रं तिच्या पेटीत होती. त्याचं अक्षर ती ओळखणार नाही? चौथ्या पानावर तर तिनं हसू दाबायला पदर तोंडात धरला.

“आबा, ह्या त्यासन्या सह्या नहीत. हाऊ दुसरा नथ्थू शे.”

“खरंच?”

“तुमनी आन.”

आबा मटकन स्टुलावर बसले. डोळे पुसत म्हणाले, “पोरगा गुनी शे हो बाई, माले वाटतच व्हतं.” मग जिवात जीव आल्यावर शिपाई छगनबरोबर चहाला गेले.

कोकिळा हलली नाही.

“बाई, त्यांच्या नावावर अख्खं वसतिगृह येऊन गेलं. तेवढे तेच आले नाहीत!”

“लाजतो गं तो.”

“मग मी नेते. आखाजीचा सण झाला की मला सासरी धाडणार. त्यांची बी.ए. राहिलीय, माझी मॅट्रिक. इतक्यात पाळणा हलला तर दोघांचं शिक्षण बसेल.”

बाईचे डोळे भरून आले. दार लोटून तिनं पोरीला सगळं नीट समजावलं, काही झाकलं नाही. मग सवयीनं हात पुढे केला, “पत्रिका?”

कोकिळानं वही उचलली. खाली तिचीच पत्रिका, कोपरे झिजलेली, चहाचा डाग पडलेली. ती क्षणभर आपल्या नावावरून बोट फिरवत राहिली. मग वहीत सही केली: कोकिळा नथ्थू पाटील. त्रेपन्न सह्यांत तेवढीच खरी.

पाकिटं पिशवीत तळाशी घालून ती निघाली.

“अगं, पत्रिका राहिली तुझी!”

“राहू द्या बाई,” कोकिळा दारातून म्हणाली, “पोरांना लागेल.”