फासा पडेल तिथे खोली

रेषाकाकांचं खरं नाव त्यांच्या पेन्शनच्या कागदांवर होतं; बाकी कुणाला ते आठवायची गरज पडली नाही. छत्तीस वर्षं त्यांनी इमारतींचे नकाशे काढले. रेघ अशी, की पट्टीनं लाजावं. आणि दर शनिवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर, भुयारं.

खेळ सोपा आहे. एकानं भुयाराचा नकाशा काढून लपवून ठेवायचा. बाकीच्यांनी कुणी योद्धा, कुणी चेटकीण, कुणी चोर होऊन, "मी डावीकडे वळते", "मी दार लाथेनं उघडतो", असं बोलत बोलत त्यातून वाट काढायची. मारामारी आली की फासे टाकायचे. एकवीस वर्षं नकाशा काकांचा, आणि वाट काढणारे तिघे: दातांची डॉक्टरीण, एक बस ड्रायव्हर आणि काकांचा मेव्हणा. मोठी माणसं पोरखेळ खेळतात म्हणून शेजारी हसायचे. हसोत बापडे.

काकांची एकच खोड. भुयारातसुद्धा त्यांना वायफळ जागा खपत नसे.

"गुप्त खोली जिन्याखाली असणार," मेव्हणा दरवेळी म्हणायचा. "दाजी ती जागा फुकट घालवायचेच नाहीत."

आणि असायचीच. राक्षसाच्या खोलीला हवेसाठी झरोका ठेवणारा माणूस तो!

मग काकांच्या उजव्या हाताला कंप सुटला. गोळ्यांनी थोडा कमी होईल, जाणार मात्र नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. काकांनी पट्टीला घट्ट धरून रेघ ओढून पाहिली. ती मुंगीसारखी चालली. त्यांनी तिघांना फोन करून "मला कंटाळा आलाय, खेळ बंद" असं कळवलं. कंटाळा म्हणे! कुणाचा विश्वास बसला नाही. पण खोदून विचारायचं धाडसही कुणी केलं नाही. तीन शनिवार टेबल रिकामं राहिलं आणि काका दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

काकू घरीच शिवणकाम करत. खेळात कधी बसल्या नव्हत्या, पण एकवीस वर्षं शेजारच्या खोलीतून सगळं ऐकलं होतं. चौथ्या शनिवारी सकाळी टेबलावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला, म्हणून त्या टाचण्या ओठांत धरून बाहेर आल्या. काकांची रेघ पुन्हा घसरली होती आणि त्यांनी संतापून मूठभर फासे कागदावर भिरकावले होते.

काका ते गोळा करू लागले. काकूंनी टाचण्या हातात काढल्या. "थांबा. हात लावू नका."

त्यांनी कपड्यावर खुणा करायचा खडू घेतला आणि प्रत्येक फाशाभोवती चौकोन काढला.

"हे काय आता?"

"खोल्या."

"अशा कुठे खोल्या असतात? एक कोपऱ्यात, दोन एकमेकींच्या उरावर…"

"तुम्ही बांधल्या नाहीत, त्या पडल्यात. आता दारं मोजा. पाच ठिपके, पाच दारं. एक ठिपका, एकच दार. गेलात तसे परत फिरा."

"आणि आत काय?"

"मला काय विचारता? आत गेल्यावर कळेल."

"अगं, पण मधल्या वाटा? रेघ हलते माझी." हे ते पहिल्यांदाच तोंडानं बोलले.

काकूंनी पेन्सिल त्यांच्या पुढ्यात सरकवली. "गुहेच्या भिंती काय ओळंबा लावून बांधतात?"

काकांनी पेन्सिल उचलली. बऱ्याच वेळानं त्यांनी दोन चौकोनांमध्ये एक वाट काढली. ती थरथरत, अडखळत गेली. अंधारात कुणीतरी हातानं खणत गेल्यासारखी. उभ्या आयुष्यात त्यांनी असं काही काढलं नव्हतं. त्यांनी कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

फोन मात्र काकूंनीच केले.

तीन वाजता तिघे हजर. सकाळचा कागद काकांनी गुंडाळून ठेवला होता. तो आता ठाऊक झाला होता ना! समोर कोरा कागद.

"हात हलतो माझा," काका म्हणाले. "वाटा वाकड्या येतील."

"माझ्या खुर्चीत बसणाऱ्या सगळ्यांचेच हलतात," डॉक्टरीण म्हणाली, आणि काकांचा चहा तिनं अर्धाच कप ओतला.

"दाजी, गुप्त खोली जिन्याखालीच ना?"

"जिना आहे की नाही, हेच मला माहीत नाही."

मेव्हण्याचं हसू मावळलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा काकाही त्यांच्याबरोबर अंधारात होते. त्यांनी मूठ उघडली. थरथरत्या हातातून फासे असे उधळले, की एक टेबलावरून खाली उडी मारून थेट कपाटाखाली गेला. ड्रायव्हर वाकला.

"राहू दे," काका म्हणाले. "खोली आहे ती."

"एवढ्या लांब? दारं किती तिला?"

"पोचलात की बघू."

सहा वाजेपर्यंत तिघांनी टेबलावरच्या चार खोल्या पार केल्या. चेटकिणीचा हात मोडला, चोराला कुणीतरी विसरलेला कंदील सापडला. काकांचा आवाज बसला.

"कपाटाखाली आज काही पोचत नाही आपण," डॉक्टरीण चप्पल घालत म्हणाली.

"मग पुढच्या शनिवारी. तीनला. उशीर नको."

मंगळवारी काकू झाडू घेऊन आल्या. काका पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "कपाटाखाली नको."

"जाळी झालीत तिथे."

"असू देत. भुयार आहे."

काकूंनी झाडू कपाटाला वळसा घालून पुढे नेला.