सोळा कड्यांची आठवण

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आमच्या जळगावच्या कॉलेजातल्या सरांनी माझ्या तळहातावर मोहरीएवढ्या काळ्या कड्या ठेवल्या. कुठल्याशा मोडीत निघालेल्या कॉम्प्युटरमधल्या.

"फेराइटच्या आहेत, म्हणजे लोखंडाच्या भाजलेल्या भुकटीच्या. एकेक कडी एकच गोष्ट लक्षात ठेवते, 'हो' किंवा 'नाही'. सोळा ओवून आण."

एकेका कडीतून तीन तारा न्यायच्या होत्या, केसासारख्या बारीक. माझ्या हातून तार तुटायची. शेवटी सगळं सावद्याला घरी नेलं. आई मण्यांची तोरणं करायची. तिने दोन दुपारांत चार बाय चारची जाळी ओवली, एकही तार न तोडता. सर म्हणाले, "त्यांनाच घेऊन ये."

आई पहिल्यांदाच प्रयोगशाळेत आली. पदर सावरून स्टुलावर बसली.

"ताई, कुठल्या कड्यांत 'हो' भरू?" सरांनी विचारलं.

"चार कोपऱ्यातल्या."

सरांनी जाळीच्या तारा जोडलेल्या पेटीवरची बटणं दाबली. प्रत्येक कोपऱ्यातल्या कडीचं चुंबकत्व उलट दिशेला वळलं, म्हणे. डोळ्यांना काहीच दिसलं नाही. आता वाचून बघायचं, तेवढ्यात लाइट गेली.

"आता पुसलं असीन ना?" आई हळहळली.

"बघू," सर म्हणाले.

तासभर आम्ही तिघं उकाड्यात बसून होतो. सर सांगत होते, "कॉम्प्युटर आठवण एकीकडे ठेवतो, विचार दुसरीकडे करतो. सारखी ने-आण. त्यातच वीज जळते. मेंदूत दोन्ही एकाच ठिकाणी चालतं, आणि तेही एका मंद बल्बाएवढ्या शक्तीवर. तसं यंत्र करायचं, तर विजेशिवाय आठवण धरणारं काहीतरी हवं."

"म्हंजे आपलं डोकं भाकरीवर चालते," आई म्हणाली. सर हसले नाहीत. "हो ताई, अगदी तसंच."

लाइट आली. सरांनी एकेक कडी तपासायला घेतली. पहिल्या कोपऱ्याला शेजारच्या मापनयंत्राच्या पडद्यावरची हिरवी रेघ ताडकन उंच उठली. मधल्यांना नुसती थरथरली. पुढच्या कोपऱ्याला पुन्हा उठली. चारही कोपरे बरोबर! तासभर वीज नव्हती आणि त्या इवल्याशा लोखंडी धुळीने आईचा शब्द धरून ठेवला होता. आईने नकळत हात जोडले.

"पण वाचलं की पुसतं," सर म्हणाले.

"मंग पाहाचंच नाही का?"

"पाहायचं, आणि लगेच पुन्हा लिहायचं." त्यांनी बटणं तिच्यापुढे सरकवली. आईने चारही कोपरे स्वतः भरले.

परतीच्या बसमध्ये ती भुसावळपर्यंत बोटांनी पदरावर चार बाय चारची जाळी मोजत होती. मग म्हणाली, "तुले हेच शिकाचं आहे ना पुढं?"

मी मान हलवली. घरी माझ्या बी.एड.चा फॉर्म आणून ठेवलेला होता. त्या संध्याकाळी आईनेच वडिलांना सांगितलं, "पोरगी पुन्याले जाईन. चुंबकाचं शिकीन." वडिलांनी दोनदा विचारलं, "कशाचं?" आणि तिने दोन्ही वेळा, न अडखळता, त्यांना ते समजावून सांगितलं.