हरल्यावर घरी कशी वागते?

विल्फी गेल्याचा फोन आला तेव्हा मी लसूण सोलत होते. फोन अल ऐनहून होता, दुबईपासून दीडेक तासावरच्या गावाहून. तिथल्या ज्या शाळेत तो खेळाचा शिक्षक होता, तिथल्या एका बाईंचा. "आप मेधाजी? विल्फ्रेड सर के फोन में इमर्जन्सी में आपका नंबर है." हे मला त्याने कधी सांगितलं नव्हतं. आजारी असल्याचंही सांगितलं नव्हतं. मी गॅस बंद केला, पुन्हा लावला, नवऱ्याला हाक मारली आणि सुधीर येईपर्यंत काय सांगायचं तेच विसरले. या गोष्टीला आता दीड महिना होत आला. माणूस गेला की रडू यावं, मग हळूहळू ओसरावं... माझं तसं काही होत नाहीये. मला राग येतोय. घरातल्या घरात फेऱ्या मारून झाल्या, कपाटं आवरून झाली, म्हणून शेवटी हे लिहायला बसले.

तो आमच्याकडे पहिल्यांदा आला ते २००८ साल होतं, उन्हाळा लागायच्या आधीचे दिवस. दुबईत करामा भागातल्या आमच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात पन्नाशीचा एक माणूस, नाक कधीतरी मोडून वाकडंच जुळलेलं. मला वाटलं एसी दुरुस्तीवाला. "नमस्कार वहिनी, मी विल्फ्रेड, वसईचा. तुमच्या मुलीसाठी आलोय." आमची सई तेव्हा बारा वर्षांची. सुधीर पेपर बाजूला ठेवून सरसावून बसला आणि "या ना, बसा" म्हणाला. "तुमच्याशी नंतर बोलतो साहेब," असं म्हणून हा गृहस्थ चक्क माझ्यामागून स्वयंपाकघरात आला. वरच्या फळीवरचे डबे काढायला मी एक बुटकं लाकडी स्टूल ठेवलं होतं, त्यावर बसला आणि ओट्यावरची लसणाची वाटी पुढ्यात ओढून सोलायला लागला.

शाळेच्या स्पोर्ट्स डेला त्याने सईला पाहिलं होतं. ती शर्यतीत पडली, उठली, शेवटून दुसरी आली. त्याला ती मुलींच्या रग्बी संघात हवी होती. तो एका हॉटेलात नोकरीला होता आणि उरलेला सगळा वेळ एका क्लबात मुलामुलींना रग्बी शिकवत होता. मला रग्बीची माहिती एवढीच, की चेंडू पोटाशी धरून पळायचं आणि बाकीच्यांनी त्या पळणाऱ्याला आडवं करायचं. "दात पडले तर?" मी विचारलं. "पडतील की. दुधाचे पडले तेव्हा तुम्ही रडला होतात?" मला हसू आवरेना आणि तेवढ्यात त्याने खरा प्रश्न विचारला. "वहिनी, ती हरली की घरी कशी वागते?" मी म्हटलं, दार आपटते, कोणाशी बोलत नाही आणि तासाभराने येऊन विचारते, खायला काय आहे. "बस," तो म्हणाला. "हीच पाहिजे मला." सई दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. "मॉम, से येस. प्लीज," तिने तिथूनच सांगितलं.

ही त्याची कामाची पद्धत होती आणि ती त्याने सिडनीत कमावली होती. ऐन तारुण्यात तो हॉटेलच्या नोकरीवर तिकडे गेला आणि उपनगरातल्या एका क्लबात आधी जर्सी धुणं, मग मुलं शोधणं असं करत त्यातच रुतला. ऑस्ट्रेलियात रग्बीचे दोन पंथ आहेत, युनियन आणि लीग. नियम थोडे वेगळे, वैर मात्र भाऊबंदकीचं. विल्फी युनियनचा. सिडनीच्या पश्चिमेला कामगारवस्ती आहे, पॅसिफिक बेटांवरून आलेली कुटुंबं आहेत. धिप्पाड, चपळ पोरं, आणि ती सगळी लीगकडे जायची. "का माहितेय? लीगवाले पोराच्या आईला भेटतात. आमचे लोक हेडमास्तरला भेटतात." युनियनची निवड मोठ्या फीच्या शाळांतून व्हायची, तिथे कारभाऱ्यांचे स्वतःचे मुलगे शिकत. वर प्रत्येक राज्याची संघटना वेगळी, नावाला एकत्र कुटुंब पण चुली वेगळ्या, आणि मत कोणाला किती यावरून बैठकाच्या बैठका. लीगमधला तयार तारा आणायला तिजोरी उघडायची आणि वस्तीतल्या क्लबाला सरावाच्या गाद्या मागितल्या की पुढच्या वर्षी बघू. विल्फी तिथल्या आयांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागला, रताळी सोलायला लागला आणि पोरं येऊ लागली. मग एक दिवस वरून नवा आराखडा आला, त्यात त्याच्या कामाचं भरपूर कौतुक होतं आणि त्याची जागा नव्हती. तिथून तो दुबईला आला. 'पाथवे', म्हणजे खेळाडूंना वर नेणारी वाट, हा शब्द त्या आराखड्यात जागोजागी होता म्हणे. पुढे तो शब्द कोणी नुसता उच्चारला तरी विल्फी उठून पाणी प्यायला जायचा.

सई खेळायला लागली. करामातल्या आणखी कितीतरी मुली त्याने अशाच स्वयंपाकघरांतून उचलल्या, मल्याळी, गोवेकर, पाकिस्तानी. आणि मग त्याच वर्षाच्या शेवटी मंदी आली आणि सगळं कोसळलं. सुधीरची कंपनी जुमेरा लेक टॉवर्समध्ये होती, तिचा एकेक विभाग बंद होत गेला. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की शाळेचं वर्ष अर्ध्यावर टाकून बिऱ्हाड उचलावं लागतं. सरावाला गेलेली सई रोज परत येऊन सांगायची, "फातिमा इज गॉन. ॲन इज लीव्हिंग." विल्फीचीही हॉटेलची नोकरी गेली. तो क्लबाने दिलेल्या व्हिसावर आणि तिथल्या तुटपुंज्या मानधनावर टिकून राहिला आणि प्रायोजक पळाल्यावर तेही डळमळलं. क्लबाचा अध्यक्ष रॉजर, ऑस्ट्रेलियनच, माणूस वाईट नव्हता. त्याची योजना अशी की मुलींचा संघ बंद करायचा आणि वाचलेल्या पैशांत ऑस्ट्रेलियातून तयार खेळाडू आणायचे. पुरुषांचा संघ जिंकला की प्रायोजक परत येतील. "तेच," विल्फी स्टुलावर बसून म्हणाला. "तिकडचंच इथे आलं बघा, विमानात बसून." निर्णय वार्षिक सभेत मतांनी व्हायचा होता.

मग त्याने जे केलं ते फक्त विल्फीच करू जाणे. तो पुन्हा एकेका स्वयंपाकघरात गेला. सभेच्या संध्याकाळी क्लबाच्या हॉलमध्ये आम्ही सगळ्या आया हजर होतो. कोणी कामावरून तशीच आलेली, कोणी कडेवर धाकटं घेऊन. रॉजरच्या बाजूने आलेल्यांपेक्षा आम्ही कितीतरी जास्त होतो, ते सरळ दिसत होतं. विल्फी बोलला, चांगला बोलला. मग हात वर करायची वेळ आली आणि रॉजरने शांतपणे नियम सांगितला. कुटुंबामागे एक मत आणि ते ज्याच्या नावावर सभासदत्व आहे त्याचं. आमची सभासदत्वं नवऱ्यांच्या नावावर होती. इथे सगळंच त्यांच्या नावावर असतं, व्हिसा, वीज, घर. त्यांच्या सहीची चिठ्ठी आणली असती तरी चाललं असतं. पण विल्फी एकाही नवऱ्याशी बोलला नव्हता. नवरे त्या वेळी आपापल्या ऑफिसात आपली खुर्ची अजून जागेवर आहे ना ते बघत होते. "सॉरी, लेडीज," रॉजर म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. वर गेलेले आमचे हात कधी खाली आणायचे ते आम्हाला कळत नव्हतं.

मी घरी पोचून कपडे बदलते तोवर विल्फी दारात. सरळ आत येऊन स्टुलावर बसला. "वहिनी, लसूण आहे?" मी वाटी आदळली त्याच्यासमोर. "मत कोणाच्या हातात असतं हेच आम्हाला सांगत आलात ना इतके दिवस? आणि साधा नियम बघितला नाहीत?" तो म्हणाला, "हो." एवढंच. मी आणखी पुष्कळ बोलले. तो सोलत राहिला. सुधीर आला, जेवणं झाली, तरी हा उठेना. नंतर कितीतरी संध्याकाळी तो असाच येऊन बसायचा आणि मला वाटायचं, याला घर नाही का? त्याची खोली दोन गल्ल्या सोडून होती. मी एकदा म्हटलंही, एकदा आम्हाला बोलवा तुमच्याकडे. "माझ्याकडे बसायला जागा नाही," तो म्हणाला आणि विषय बदलला.

मुलींचा संघ बंद झाला आणि अल ऐनच्या शाळेत नोकरी मिळाल्यावर विल्फी तिकडे गेला. तरी दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, गाडी हाणत यायचा आणि उरलेल्या मुलींना मोकळ्या वाळूच्या मैदानावर खेळवायचा. सुधीरला कमी पगारात का होईना दुसरी नोकरी मिळाली, आम्ही टिकलो, सई खेळत राहिली. मधे एकदा सिडनीहून विल्फीला बोलावणं आलं. वस्तीतली पोरं लीगकडे का जातात यावर तिथे समिती बसली होती. केवढा खूश होऊन गेला... आठवड्यात परत. "काय झालं?" "ऐकून घेतलं. छान ऐकून घेतलं." "मग?" "समितीत सगळे हेडमास्तर." मी म्हटलं, येताना वसईला उतरून आईला तरी भेटायचं होतं. "पुढच्या वेळी," तो म्हणाला आणि लसूण मागितला. शेवटचा आला तो गेल्या ऑगस्टात. एकेक पाकळी सोलायला खूप वेळ लागत होता, हात थरथरत होते. मी क्लिनिकच्या लॅबमध्ये काम करते, मला दिसतं. "काय होतंय?" "थंडी वाजतेय," म्हणाला, दुबईच्या ऑगस्टात. मी चिडले. तो हसला आणि त्याने विचारलं, "सई आता हरली की काय करते?" सई तेव्हा नुकतीच सिडनीला शिकायला गेली होती, तिथल्या एका क्लबात खेळायला लागली होती. मी म्हटलं, फोन करते. "चांगलं आहे," तो म्हणाला. "आणि तुम्ही?" मी विचारलं. विल्फीने वाटी ओट्यावर ठेवली, हात धुतले आणि निघाला.

त्याला वसईलाच पुरलं. महिना झाल्यावर चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना होती, तिला मी मुद्दाम गेले. त्याची आई नव्वदीला टेकलेली, पण ताठ. तिने मला केळीच्या वाडीतून मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात नेलं. "तू दुबईची ना? फोनवर सांगायचा, तुझ्याकडे लसूण सोलतो म्हणून. इथे कधी एक पाकळी सोलली नाही त्याने." माझ्या तोंडून त्याचाच प्रश्न निघून गेला. म्हटलं, आई, तो लहानपणी हरला की घरी कसा वागायचा?

 "घरी?" म्हातारी म्हणाली. "हरला की घरी यायचाच नाही तो. दुसऱ्याच्या घरी जाऊन बसायचा. तिथेच जेवायचा. जिंकला की मग यायचा बोंबलत." मग म्हणाली, "मी बसायचे वाट बघत."

आमच्या ओट्याखालचं ते स्टूल बाल्कनीत टाकूया असं सुधीर म्हणतो, येता-जाता पायात येतं. खरंच येतं. परवा भाजी फोडणीला टाकत असताना सईचा फोन आला. "मॉम, वी लॉस्ट," ती म्हणाली. मी गॅस बारीक केला, पायाने स्टूल ओढलं आणि त्यावर बसले. म्हटलं, "बोल."