कोपरमध्ये एकट्याने हवाईयन

बायको गेली त्याला वर्ष व्हायच्या आत मी हवाईयन शिकायला लागलो. का, ते विचारलंत तर धड सांगता येणार नाही. मुलगा बंगळूरला असतो. तेरावं आटोपून परत निघताना त्याने माझ्या फोनवर भाषा शिकवणारं एक ॲप टाकून दिलं आणि म्हणाला, "बाबा, डोकं कशात तरी गुंतवा. जर्मन शिका, नाहीतर स्पॅनिश." यादी बरीच मोठी होती. जर्मन आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीला येतं, फ्रेंच माझ्या चुलतभावाला येतं असं तो सांगतो. हवाईयन येणारा माणूस मात्र कोपरमध्येच काय, अख्ख्या डोंबिवलीत निघाला नसता. मी हवाईयनवर बोट ठेवलं. चौतीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलेला माणूस मी. सोसायटीच्या नोटिशीतली वेलांटी पेनाने सुधारून पुढे जाणारा. जिथे आपली चूक काढायला कुणी येणार नाही, अशी भाषा मला हवी होती.

सकाळी सातला चहा, चहापत्तीच्या डब्याला टेकवून फोन, समोर दोनशेपानी वही, असा माझा वर्ग भरायचा. लिपीतली अक्षरं डझनभरच. पण ऱ्हस्व-दीर्घ एकदम कडक! स्वर लांबवायचा राहिला तर शब्द बदललाच. मी खूश झालो. माझ्या विद्यार्थ्यांनी जन्मभर ज्याला नाकं मुरडली, त्याची कदर करणारे लोक जगात कुठेतरी आहेत तर. शिवाय घशात क्षणभर श्वास अडवायचा, तेही त्यांच्यात एक अक्षरच. वहीत मी त्यासाठी आपला अवग्रह वापरायला लागलो. मासा म्हणजे 'इऽअ', नाही म्हणजे 'अऽओले'. ही युक्ती कुणालातरी सांगावी असं फार वाटलं. घरात पोळ्या करायला येणाऱ्या बाईंशिवाय कुणी नव्हतं.

"काका, हे रोज मंत्र कसले म्हणता?" त्यांनीच एकदा विचारलं.

"मंत्र नाहीत. हवाईयन आहे. भाषा."

"मग तिकडे जाणार काय तुम्ही?"

"नाही."

"तिकडनं कोणी येणारे?"

"नाही."

त्यांनी तव्यावरची पोळी उलटली आणि "बरं" म्हणाल्या. अवग्रहाचं सांगायचं राहूनच गेलं.

त्या भाषेत एक नमस्कार आहे, 'अलोहा काउआ'. तू आणि मी, आपण दोघंच असताना करायचा. धड्यात तो आला त्या सकाळी मी ओट्याशी उभा राहून मोठ्याने म्हणून पाहिला आणि मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी तोच परत म्हटला. ओट्यावर कप एकच होता. मी गॅस बंद केला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. चहा त्या दिवशी घेतलाच नाही.

संध्याकाळी गच्चीवर जायचो. तिथून खाडी दिसते. दिसेल त्याचं नाव घ्यायचं, असा मी स्वतःला गृहपाठ दिला होता. 'काइ' म्हणजे खारं पाणी, 'मकानि' म्हणजे वारा. खाली येऊन वहीत दोन ओळी लिहायच्या: आज वारा आहे, मला मासा हवा आहे. चुकलं की ॲप टुंग करायचं, बरोबर आलं की शाबासकी द्यायचं. काही दिवस असे गेले की दिवसभरात माझ्या तोंडून मराठी निघालंच नाही. निघायचं कुणासाठी? एकटं असणं ठाऊक होतं, एकटं वाटणं त्या दिवसांत कळलं. आणि ते दुपारी सर्वांत जास्त वाटायचं. जेवण झालेलं असतं, ताट विसळलेलं असतं, आणि चार वाजायला काही केल्या तयार नसतात.

त्या रिकाम्या दुपारी भरून काढायला मी ॲप सोडून फुकटचे व्हिडिओ बघायला लागलो. तिकडचीच एक बाई शिकवायची. एका धड्यात मधेच थांबून तिने आपल्या आजीची गोष्ट सांगितली. आजी लहान असताना शाळेत हवाईयन बोललं की शिक्षा व्हायची. आजीने त्याची अशी धास्ती घेतली, की पुढे स्वतःच्या नातवंडांशीही ती त्या भाषेत कधी बोलली नाही. शेवटी या नातीला आजीची भाषा वर्गात बसून, परक्या माणसांकडून शिकावी लागली. मग तिच्यासारखी मंडळी गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांसमोर जाऊन बसली, त्यांना बोलतं केलं, ते बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवलं.

मला त्या शाळेतल्या मास्तरांचा भयंकर संताप आला. वहीत लाल पेनाने लिहिलं, 'हे कसले शिक्षक! नालायक.' खाली दोन रेघा मारायला घेतल्या. दुसऱ्या रेघेला हात थांबला.

आमच्या हिचं माहेर बाळकुमचं, खाडीवरच्या कोळ्यांचं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात आमचे मुख्याध्यापक घरी आले होते. ही बाहेर येऊन म्हणाली, "पानी देऊ?" सर गेल्यावर मी तिला समोर बसवून सांगितलं, 'पानी' नाही, 'पाणी'. 'मना' नाही, 'मला'. 'डोला' नाही, 'डोळा'. ओरडलो नाही. हातही कधी उगारला नाही. मी फक्त सुधारत गेलो, प्रेमाने, वर्षभर, दररोज. जेवताना तोंडातून शब्द गेला की मी नुसता तिच्याकडे बघायचो, ती घास तसाच ठेवून शब्द पुन्हा म्हणायची. वर्षाने तिची भाषा इतकी स्वच्छ झाली, की मी स्टाफरूममध्ये कौतुकाने सांगायचो, ही बाळकुमची आहे हे कुणाला खरं वाटणार नाही. मुलाला तर त्या बोलीतला एक शब्द येत नाही. मीही ती कधी नीट ऐकली नाही, ऐकली ती चुका मोजायला.

तीन दिवस मी वही उघडली नाही. चौथ्या दिवशी ठाण्याला उतरून बसने बाळकुमला गेलो. हिची थोरली बहीण तिथे राहते, लग्न होऊन गावातच दिलेली. चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत, मधे तिचं कौलारू घर अजून आहे. सासुरवाडीला सगळे मला मास्तर म्हणतात. तिथे मी वर्षातून दोनदा जायचो, चहा घ्यायचो आणि निघायचो.

"या मास्तर, बसा. प्रकृती बरी आहे ना?" ताई म्हणाल्या. पंच्याहत्तरीच्या बाई, पदर सावरून समोर बसल्या.

मी फोन काढून मधल्या स्टुलावर ठेवला आणि आलो कशाला ते सांगितलं. "ताई, तुम्ही तुमच्या भाषेत बोला. काहीही बोला. लहानपणीचं, मासळीचं, हिच्याबद्दलचं. मी ते यात साठवून घेतो. मला शिकायचंय."

ताई फोनकडे तोंड करून ताठ बसल्या. मग घसा साफ करून म्हणाल्या, "आम्ही लहान होतो, तेव्हा इथे खाडीवर जात होतो." प्रत्येक शब्द धुऊन, पुसून. 'होतो'च्या पुढे गाडी सरकेना.

"असं नाही, ताई. तुम्ही घरात बोलता तसं."

"तेच तर बोलते आहे, मास्तर."

तेवढ्यात आतून सुनेने काहीतरी विचारलं, आणि ताईंनी मान वळवून खणखणीत आवाजात ओरडून सांगितलं, "हात नको लावूस त्याला, मना बगू दे आदी!" तो हिचा आवाज होता. हेल तोच, शेवटचा शब्द वर उचलून सोडायची लकबही तीच. पहिल्या महिन्यात ऐकलेला, नंतर हरवलेला. ताईंनी मान परत माझ्याकडे वळवली आणि चेहरा पुन्हा मुख्याध्यापकांसमोर बसल्यासारखा झाला.

"असंच बोला ना माझ्याशी," मी म्हणालो.

"नाही जमत, मास्तर. तुम्ही समोर आहात." त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. उलट माझीच समजूत घालावी तशा पुढे बोलत राहिल्या. "तिनेच मला बजावलं होतं, त्यांच्यासमोर नीट बोलत जा, त्यांना आवडत नाही. इतक्या वर्षांची सवय आहे. आम्ही दोघी बोलायचो ना पोटभर. तुमच्या घरी फोन आला तेव्हापासून रोज दुपारी तिचा फोन. तुम्ही शाळेत गेलात की लगेच. किती हसायची! कोण काय म्हणालं, आई कशी शिव्या द्यायची, सगळं आमच्या बोलीत. तुमच्या यायच्या वेळेला म्हणायची, चल, ठेवते आता."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पण ऐकून बरं वाटलं, अगदी खरं सांगतो. तिची बोली तिच्याजवळ शेवटपर्यंत राहिली होती तर. मी तसं म्हटलंही.

"शेवटपर्यंत कुठे?" ताई म्हणाल्या. "तुम्ही रिटायर झालात आणि तिचे फोन बंदच झाले. मी केला तर दोन मिनिटं बोलायची, तीही अशी, तुमच्याशी मी बोलते आहे तशी."

स्टुलावरचा फोन हे सगळं नोंदवून घेत होता. मी तो बंद केला. सून चहा घेऊन आली, मी चहा घेतला, तब्येतीला जपा म्हटलं आणि निघालो.

माझ्या निवृत्तीपासून ती जाईपर्यंत सहा वर्षं झाली. त्या सहा वर्षांत मी एकही दुपार घराबाहेर काढली नाही. मित्र बोलवायचे, कट्ट्यावर ये, वाचनालयात ये. मी म्हणायचो, नको, जन्मभर ती घरात एकटी राहिली, आता तिला सोबत करतो.