मसणातून आणलेला अँटेना

हिरकणीच्या तोंडाला कुणी लागू नये, असं डहाणूजवळच्या कैनाडचा तो अख्खा पाडा म्हणायचा. म्हणो बापडा. तिच्या तोंडाला लागायची वेळ का येते, हे मात्र कुणी विचारत नसे. चिकूच्या वाडीतल्या मुकादमानं अर्धी मजुरी दाबली की ती बोले. रेशनच्या दुकानात काटा मारला की बोले. बाकीच्या बायका मागं उभ्या राहून पदराआड हसत आणि घरी जाताना म्हणत, बरं झालं बाई बोललीस. म्हणजे वाईटपणा हिनं घ्यायचा आणि पुरता तांदूळ सगळ्यांनी न्यायचा. असला हिशेब तिच्या डोक्यात जाई.

तिचा नवरा धोंडू अगदी उलटा. दिवसभरात दहा शब्द बोलला तर पाऊस पडेल असा माणूस. ओट्यावर बसून बांबूच्या कांबी काढायचा आणि चिकूच्या करंड्या विणायचा. प्लॅस्टिकचे क्रेट आले, करंड्या कुणी विचारीना, तरी हा विणतच राहिला. कुणी काही म्हटलं की हसायचा. हिरकणी सगळ्या जगाशी भांडे, पण या हसण्याशी भांडता येत नसे.

त्यांना मूल झालं नाही. भावकीनं धोंडूच्या मागं टुमणं लावलं, दुसरी बायको कर. त्याचा थोरला भाऊ सुक्या तर तलासरीकडं जाऊन मुलगी बघून आला. हिरकणी चुलीपुढं बसून सगळं ऐकत होती. सुक्याचं बोलून झालं. धोंडू उठला, कोयता घेतला आणि बांबू फोडायला बसला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मुलगी राहिली तलासरीला आणि हिरकणी राहिली घरात. सुक्याला तिनं कधी माफ केलं नाही, ते ठीकच आहे. पण धोंडूलाही केलं नाही. कितीदा तिनं विचारलं, तू का नाही आणलीस दुसरी? माझ्यात काय बघितलंस? तो हसायचा. माणसाला राग येणार नाही तर काय होईल?

धोंडूला एकच वेड होतं, टीव्हीच्या अँटेनाचं. पाड्यातल्या बाकीच्या घरांवर डिशच्या छत्र्या आल्या, तरी यानं बांबूवरचा अँटेना सोडला नाही. जुन्या टीव्हीवर कशा का होईना, मुंग्या तरी दिसायच्या. मुंग्या कमी झाल्या की दिशा बरोबर, वाढल्या की चुकली. मग ते जुनं प्रक्षेपण बंद पडलं. डहाणूच्या दुकानदारानं सांगितलं, आता मुंबईकडच्या मनोऱ्यावरून डिजिटल सोडतात, त्याला वेगळा डबा लागतो, पण तुमच्या पाड्यापर्यंत काही ते पोचायचं नाही. धोंडूनं डबा आणला. पाड्यातला सगळ्यात उंच बांबू तोडला. थंडीचे दिवस होते, हवा स्थिर होती, आणि एके दिवशी ते पोचलं. या डब्याची तऱ्हा निराळी. आलं तर आरशासारखं लख्ख, नाही तर काळा पडदा. मधलं काही नाही. धोंडू बांबू केसभर फिरवायचा आणि हिरकणी घरातून ओरडायची, आलं, गेलं, अरे गेलं मेल्या, मागं घे.

अशात एकदा टीव्हीवाले आले. बांबूकामावर कार्यक्रम करायचा होता. हिरकणी तेव्हा खाली समुद्राकडच्या विनोदशेठच्या वाडीत चिकू वेचायला गेली होती. घरी आली तर धोंडूच्या अंगात नवा सदरा.

"तुझ्याविषयी विचारलं त्यांच्यातल्या पोरीनं," धोंडू म्हणाला. "बोललो मग."

"काय बोललास?"

"टीव्हीवर ऐक."

तिनं त्याला जेवायला वाढलं नाही. दुसऱ्या दिवशी गोड बोलून बघितलं. मग शिव्या देऊन बघितलं. हा गडी ढिम्म. टीव्हीवर ऐक, टीव्हीवर ऐक. इतक्या वर्षांत जे तोंडातून काढलं नाही ते परक्यांच्या पोरीला सांगितलं म्हणे, आणि सख्ख्या बायकोनं वाट बघायची. ती रागावली खरी, पण आतून सुखावली होती. वाडीत चिकू वेचताना एकटीच हसायची.

कार्यक्रम लागायच्या आधीच धोंडू गेला. सकाळी बांबू फोडता फोडता बसल्या जागी कलंडला. गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आता त्यांच्यात रीत अशी की मेल्या माणसाच्या जिवाची वस्तू त्याच्याबरोबर पाठवायची. ठेवून घेतली तर तो ती मागायला परत येतो. कुणाचा कोयता जातो, कुणाची तंबाखूची पिशवी. बायका मसणात जात नाहीत, तेव्हा धोंडूबरोबर काय पाठवलं ते हिरकणीला कळलं नाही. कळलं दुसऱ्या दिवशी. अंगणात आली, मान वर केली, तर बांबू उघडा.

सुक्यानं अँटेना नेला होता. यात त्याची लबाडी नव्हती, हे म्हटलं पाहिजे. रडत रडत वर चढला, वायर कोयत्यानं तोडली आणि भावाचा जीव ज्यात होता ती वस्तू मानानं भावाबरोबर दिली. ओढ्याकाठच्या मसणात, राखेच्या उशाशी.

आणि नेमका दोन दिवसांनी धोंडूच्या मोबाइलवर फोन आला. कुणी पोरगी होती. "रविवारी दुपारी तुमचा कार्यक्रम आहे. धोंडूजींना सांगा."

"धोंडूजी मेले," हिरकणी म्हणाली.

"अरेरे. तरी बघा हं."

"बाई, तो माझ्याविषयी काय बोलला?"

"ते शूटिंगवाल्यांना माहीत, मावशी. मी फक्त फोन करते." फोन बंद झाला.

पाड्यात छत्र्या होत्या, पण पाडा सगळा एका भावकीचा. म्हणजे सगळ्यांना सुतक. दिवस घातल्याशिवाय कुणी टीव्ही लावणार नाही, आणि हिरकणीनं दुसऱ्याचा उंबरा ओलांडायचा नाही. मग ती खाली वाडीवर गेली. विनोदशेठची सून रिया झोपाळ्यावर बसली होती. हिरकणीनं अंगणातूनच सांगितलं, रविवारी टीव्ही जरा दाराकडं फिरवा, मी इथूनच ऐकेन.

"अगं, तू सुतकातली," रिया म्हणाली. "आणि रविवारी आमच्याकडं पाहुणे आहेत. शिवाय तो चॅनेल आमच्याकडं कुणी बघत नाही. कितव्या नंबरवर असतो तेही माहीत नाही बघ."

याच अंगणात धोंडूच्या करंड्यांची थप्पी लागायची. हिरकणीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण परक्याच्या दारात भांडून उपयोग काय? ती वळली आणि चालायला लागली, आणि चालता चालता तिच्या लक्षात आलं की आपले पाय पाड्याच्या वाटेला नाहीत, ओढ्याच्या वाटेला आहेत.

मसणात अँटेना होता तसाच होता. एक दांडी वाकलेली, बाकी धड. तिनं राखेकडं बघितलं नाही. खांद्यावर घेतला आणि भर उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाड्यात आली.

पाडा गोळा झाला. सुक्या पुढं आला. "हिरकणी, ते मढ्याचं आहे. परत ठेवून ये."

"मढं माझं आहे," हिरकणी म्हणाली. "तुमचं असतं तर विचारून नेलं असतं."

"घरात आणलंस तर तो परत येईल."

"येऊ दे की. मला हवाच आहे तो."

बायकांनी तोंडाला पदर लावले. सुक्याचा आवाज चढला. "मग त्याच्या दिवसाला भावकी येणार नाही. एकटी घाल पिंड."

हे मात्र लागलं. दिवस नीट झाला नाही तर धोंडू ना इकडचा ना तिकडचा. हिरकणी अँटेना धरून उभी राहिली.

"तो माझ्याविषयी बोललाय," ती शेवटी म्हणाली. "इतकी वर्षं नांदले, एकदाही बोलला नाही. तुम्ही त्याला मुलगी बघून आलात तेव्हाही नाही. आता बोललाय आणि मी ऐकायचं नाही? मग रीत घाला चुलीत."

ती घरात गेली. मागून कुणी आलं नाही.

रविवारी तिनं टीव्ही दारात आणून ठेवला, अंगणाकडं तोंड करून, कारण आता आत बसून ओरडायला कुणी नव्हतं. बांबू खाली घेऊन अँटेना बांधला, वायर दातांनी सोलून जोडली. बांबू उभा करताना हात सोलवटले. मसणातल्या वस्तूला हात लावायला एकही माणूस पुढं झाला नाही. धोंडूची म्हातारी आत्या बुधीबाई तेवढी काठी टेकत आली आणि दारात बसली. "मला दिसत नाही," ती म्हणाली. "मला कसलं सुतक?"

हिरकणी बांबू फिरवी आणि पडद्याकडं बघे. काळं. आणखी जरासा फिरवी. काळंच. पूर्वीच्या मुंग्या असत्या तर निदान कळलं असतं की जवळ आलो की लांब गेलो. ती घामानं निथळली. मनोऱ्याला शिव्या घातल्या, डब्याला घातल्या, सुक्याला घातल्या, आणि एकदम अंगणात माणसाचा आवाज आला. लख्ख. पडद्यावर तिचंच घर होतं.

तिनं बांबू दगडांनी पक्का केला आणि टीव्हीपुढं मातीत बसली. कुंपणापाशी सुक्या पाठ करून उभा होता. पाडाही आला होता. कुणी बघत नव्हतं, पण कान सगळ्यांचे इकडंच होते.

धोंडू ओट्यावर बसला होता, नव्या सदऱ्यात. त्याचं तोंड हललं. आणि आवाज आला तो कुणा भलत्याचाच. जाड, पुस्तकी. "आमचे जीवन निसर्गाशी एकरूप झालेले आहे." धोंडूनं जन्मात निसर्ग हा शब्द उच्चारला नव्हता. त्याची पाड्यातली बोली म्हणे शहरातल्या लोकांना समजत नाही, म्हणून वरून दुसऱ्याचं मराठी लावलं होतं. खाली धोंडूचा आवाज होता, पण इतका बारीक की माशी गुणगुणावी तसा.

मग माइकवाल्या पोरीनं काहीतरी विचारलं. धोंडू हसला. मान वळवून त्यानं खाली वाडीच्या दिशेला हात केला. हिरकणी पडद्याला नाक लावून बसली. धोंडू बोलायला लागला, आणि किती बोलला! हात हलवत, थांबत, पुन्हा सुरू करत. मध्येच त्यानं मनगटानं डोळा पुसला. असा बोलताना तिनं त्याला कधीच बघितलं नव्हतं.

वरून तो जाड आवाज म्हणाला, "आमच्या स्त्रिया अतिशय कष्टाळू असतात."

"गप," हिरकणी पडद्यावर ओरडली. "मेल्या, गप बस. बोलू दे त्याला." तिनं टीव्हीला दोन्ही हातांनी धरून हलवलं. पण धोंडू गेला होता. करंड्या दिसत होत्या आणि बासरी वाजत होती.

बऱ्याच वेळानं कुंपणापासून सुक्यानं विचारलं, "काय म्हणाला गो तो?"

हिरकणीनं टीव्ही बंद केला. "जे म्हणायचं ते म्हणाला. मी ऐकलं. तुम्हाला कशाला पाहिजे?"

बुधीबाईनं चाचपडत तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला.

ऊन उतरायच्या आत तिनं अँटेना काढला आणि ओढ्यावर घेऊन गेली. राखेच्या उशाशी ठेवला. या वेळेस तिनं राखेकडं बघितलं.

"घरात बसून सांगायला काय झालं होतं तुला?" ती म्हणाली. "मी काय खाल्लं असतं? चुलीपुढं मी एकटी असायची. दोन शब्द टाकले असतेस तर जन्मभर पुरवले असते. परक्यांच्या पोरीपुढं डोळे पुसतोस, मेल्या, आणि मला म्हणतोस टीव्हीवर ऐक."

ती तिथंच बसून त्याला बोलत राहिली. पाड्यापर्यंत ऐकू जात होतं. सुक्या वाटेपर्यंत आला, जरा वेळ उभा राहिला आणि दिवसाला कुणाकुणाला बोलवायचं ते ठरवत माघारी गेला.