रक्त पातळ करायची गोळी

माझा गुडघा बदलायचं ठरलं आणि आमच्या घरात सगळेच डॉक्टर झाले. कळवणच्या नणंदबाईंनी फोनवरच जाहीर केलं, "वहिनी, लय रक्त जातं त्यात. गाडी भरून पोरं आणते रक्त द्यायला, घाबरू नका!" घाबरू नका म्हणे! तोवर मी घाबरलेच नव्हते. शेजारीण रोज बिटाचा रस आणायची आणि मी पिते की नाही ते समोर बसून बघायची.

खऱ्या डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. मांडीला पट्टा आवळतात, रक्त कमी जावं म्हणून इंजेक्शन देतात, बाहेरचं रक्त सहसा लागतच नाही. अट एकच, माझी रक्त पातळ करायची गोळी आठवडाभर आधी बंद. हृदयाच्या डॉक्टरांनीही होकार दिला होता.

आता गोळ्यांचं खातं आमच्या ह्यांच्याकडे. अंबडच्या कंपनीत जन्मभर मशिनला तेल घातलं, निवृत्तीनंतर माझी पाळी. माझ्या हृदयाला स्टेंट बसवल्यापासून रोज सकाळी मूठभर गोळ्या तळहातावर ठेवतात, मी न बघता गिळते. गुडघा बदलून मला फक्त दुसऱ्या मजल्यावरून स्वतःच्या पायांनी उतरून भाजी आणायची होती. उन्हाळ्यापासून हेच आणत होते. सडकी वांगी खपवायला भाजीवाला ह्यांचीच वाट बघत असणार!

ऑपरेशनच्या सकाळी भूल देणाऱ्या मॅडमनी विचारलं, "ती गोळी बंद आहे ना?"

"म्हणजे काय! कधीच!" मी ऐटीत सांगितलं.

हे खोकले. "मी देत होतो. कालपर्यंत."

झालं! इतकं रक्त वाहू द्यायचा धोका कोण घेणार? ऑपरेशन पुढे ढकललं. बाहेर नणंदबाईंची पोरं मिसळ हाणून ढेकर देत बसलेली, आणि इथे माझ्या डोळ्यांत टचकन पाणी.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? दोन-दोन डॉक्टरांनी सांगितलं होतं ना?"

हे फरशीकडे बघत म्हणाले, "गुडघा दुखला तर तू माझ्या नावानं खडे तरी फोडशील. ते हृदय बंद पडलं तर कोण फोडणार?"

मी पदरानं डोळे पुसले आणि रिक्षा बोलवायला सांगितली. रिक्षात हे चोरून माझ्याकडे बघत होते.

मग घराचा जिना आला. ह्यांच्या खांद्याला धरून दोन्ही मजले चढले आणि वर पोचेपर्यंत ह्यांच्या नावानं खडे फोडले. एक पायरी सोडली नाही.